उलट्या माणसांची भिंत

छपराची कौलं जिथं फुटली होती तिथली भोकं एकसारखी नव्हती. एक त्रिकोणी, एक चौकोनी, एक नुसताच तुटका कोपरा. पण त्यांतून खाली फरशीवर पडलेले कवडसे मात्र सगळे एकाच घडणीचे होते. जरासे लांबट गोल, तीन बोटं रुंद, कडेला मऊ. सोनियाने आपली तीन बोटं एका कवडशावर टेकवली, मग शेजारच्या कवडशावर टेकवली. फरक नव्हता.

"काय करतीयास गं?" रंगुबाईंनी सुनेच्या दंडाला कोपर मारलं. "पोथी वाचल्यागत फरशी वाचतीया. नीट बस की."

"बसले की आत्ती."

"आन् ते गाठोडं दिलंस न्हवं त्या गुंडाकडं?"

"दिलं."

"सदराच हाय न्हवं त्यात? मल्हारचा?"

"सदरा हाय," सोनिया म्हणाली.

चर्च खच्चून भरलं होतं. जत तालुक्यातल्या काळेखडीच्या या काळ्या दगडी चर्चमध्ये एरवी महिन्यातून एकदा मिरजेकडून पाळक यायचे, पाच-सहा कुटुंबांची उपासना उरकायची आणि पुन्हा दाराला कुलूप लागायचं. आज आटपाडीपासून पार सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतची माणसं दाटीवाटीने बसली होती. धनगर होते, मुसलमान होते, मराठे होते, आणि चर्चची स्वतःची माणसं मागच्या बाकावर पाहुण्यांसारखी अंग चोरून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाने दोन वस्तू आणायच्या, असा नियम होता. एक मंगलोरी कौल, फुटक्या छपरासाठी. आणि घरातल्या मेलेल्या माणसाचं एक कापड.

कापड दारात बसलेल्या गुंडा नावाच्या माणसाकडे द्यायचं. ते 'शुद्ध' होऊन वर जायचं. मग दहा-दहा माणसांनी पश्चिमेच्या मनोऱ्याखाली, घंटेच्या खोलीत जाऊन अंधारात बसायचं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपलं मेलेलं माणूस चालत यायचं. हातभर उंचीचं. डोकं खाली, पाय वर. आणि अंगावर तेच कापड.

हे सगळं घडवून आणणारा ऋषिराज. विट्याला त्याचा फोटो स्टुडिओ होता, तो मोबाइलने बसवला. आता तो पांढरा झब्बा घालून फिरायचा आणि लोक त्याला दादा म्हणायचे. आकाशात ढग असले की दादांचे आत्मे येत नसत. दुपारी बारानंतर ते विश्रांती घेत. आणि चर्चच्या मागच्या अंगाला, मनोऱ्यापलीकडच्या कबरींकडे कुणी फिरकायचं नाही, कारण आत्मे तिकडूनच येत. तिथं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं होतं.

रंगुबाईंचा मल्हार मेला होता की नाही, हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं. तो सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला ओडिशात गेला होता, या भागातली निम्मी पोरं जातात तसा. पहिली दोन वर्षं फोन आले. मग एक दिवस फोन बंद झाला. दुकानमालक म्हणाला, काम सोडून गेला. कुठं गेला, ते कुणालाच सांगता येईना. नानासो, म्हणजे मल्हारचे वडील, दोनदा तिकडे जाऊन आले. त्यानंतर त्यांनी बोलणंच कमी केलं. सोनियाने मात्र त्या वर्षांत जतला जाऊन बी.एस्सी. पुरी केली, मागाहून बी.एड. केलं, आणि गावच्या हायस्कुलात तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवू लागली. कराडच्या एका शाळेने तिला कायमच्या नोकरीवर बोलावलं होतं. रंगुबाई म्हणायच्या, "मल्हार येऊ दे, मग ठरवू." सोनियाच्या तोंडात एक वाक्य कधीपासून तयार होतं. ते बाहेर पडत नव्हतं. रोज भाकरी थापताना ती ते मनात म्हणून बघायची आणि तवा उतरवेपर्यंत गिळून टाकायची.

गेल्या खेपेला रंगुबाई एकट्याच आल्या होत्या, मल्हारचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन. तो भिंतीवर दिसला. म्हणजे मेला. घरी आल्यावर त्यांनी सुनेकडे बघितलं ते कायमचंच वेगळ्या नजरेनं. आज त्यांनी नानासोंसोबत सुनेलाही आणली होती, कारण मल्हारने भिंतीतून तसा निरोप दिला होता.

नंबर यायला वेळ होता. सोनिया उठून दक्षिणेच्या ओसरीत गेली. तिथं शांतवन साळवे कौलांच्या ढिगाशेजारी उभे होते. चर्चची देखभाल त्यांच्या आजोबांपासून त्यांच्या घरात होती. घंटा तेच वाजवायचे, उंदीर तेच मारायचे. शाळेतल्या पोरांना चर्च दाखवायला सोनिया दरवर्षी घेऊन यायची, तेव्हा त्यांच्या जिभेला धार यायची. मोठ्या दुष्काळात मिशनच्या साहेबाने हे काम काढलं ते लोकांना धान्य देता यावं म्हणून, गावातल्या सगळ्या जातींनी इथं दगड वाहिला, चुन्याचा घाणा ओढायला बैल उरले नव्हते तेव्हा माणसांनी ओढला, हे ते पोरांना भिंतीवर थापट्या मारत सांगायचे. भिंती दोन हात जाड. खिडक्या बाहेरून वीतभर रुंद आणि आतून गोठ्याच्या दाराएवढ्या पसरट. थोडक्या भोकातून पुष्कळ उजेड आत यावा, ऊन मात्र येऊ नये, म्हणून.

"काका, कौलं किती आली?" सोनियाने विचारलं.

"लय आली."

"मग छप्पर तसंच कसं? आत बसले तर अंगावर सगळे कवडसे."

शांतवनकाकांनी तिच्याकडे न बघता एक कौल उगाच सरळ केलं. "संध्याकाळी टेंपो येतो. शुद्ध करायला नेत्यात."

"शुद्ध करून परत आणत्यात?"

"आणतील की."

"दादांच्या विट्याच्या पोल्ट्रीचं छप्पर नवीन झालंय म्हणे."

काकांनी आणखी एक कौल सरळ केलं.

"काका, तुम्हीच एकदा माझ्या पोरांना सांगितलं होतं. लहानपणी तुम्ही घंटेच्या खोलीत लपायचा, खिडकीची फळी लावायचा, आणि भिंतीवर शेळ्या दिसायच्या. उलट्या."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर ते जुनं हसू आलं आणि लगेच मावळलं. "सगळी पोरं बघायची. शेळ्या, गाढवं. एकदा पाळकसाहेबबी दिसला हुता, धोतर सोडून बसलेला. लय हसलो."

"तो मेला होता?"

"न्हाई बा. नंतर वीस वर्षं जगला."

"मग हे आत्मे कसे?"

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात वेदीवर पाणी गळलं. मी वरच्या लोकांकडं किती अर्ज केले असतील. कुणी आलं न्हाई. हा माणूस आला आन् म्हणाला, छप्पर मी करतो, खोली तेवढी द्या. त्याला शेळ्यांचं मीच सांगितलं. गमतीनं. आन् आता बघा, ह्या देवळात माणसं मावंनात. माझ्या बापानं असली गर्दी बघितली नव्हती."

"माणसं देवळात आली न्हाईत, काका. अंधाऱ्या खोलीत आली."

आतून हाळी आली, पुढच्या दहा जणांची.

घंटेची खोली बारा-तेरा फूट लांबरुंद होती. वर घंटेचा दोर गुंडाळून ठेवलेला, खाली सतरंजी. पश्चिमेच्या खिडकीत, भिंतीच्या अगदी बाहेरच्या कडेला, सागवानी फळी घट्ट बसवलेली. पूर्वेची भिंत चुन्याच्या निळसर पांढऱ्या गिलाव्याची, दगडाने घोटून काढलेली. इतक्या वर्षांत तिला एक तडा नव्हता. ऋषिराजने दार लावलं. अंधार असा झाला की शेजारच्याचा श्वास तेवढा कळावा.

"डोळे मिटा," ऋषिराजचा आवाज मधाळ होता. "मिटलेत? आता मिटल्या डोळ्यांनी आत बघा. घाई नाही. तिकडं घड्याळ नसतं. टाइम झोन वेगळा, एनर्जी वेगळी. आपल्या माणसाचं नाव घ्या. पुन्हा घ्या. डोळ्यावरचा संसार उतरू दे."

संसार उतरायला बराच वेळ लागला. अंधाराला डोळे सरावायला जेवढा लागतो तेवढा, सोनियाने मनात नोंद केली.

"दादा, ती उलटी का दिसत्यात?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"पृथ्वी गोल आहे का नाही? शाळेत शिकवतात का नाही? आपण या बाजूला, ते त्या बाजूला. मग पलीकडची माणसं उलटी दिसणार का नाही? हे सायन्स आहे! लोक सायन्सला मानत नाहीत, म्हणून दुःखी आहेत."

लाकडात लाकूड घासल्याचा बारीक आवाज झाला. फळीतलं बूच निघालं.

आधी भिंतीवर नुसता धुरकट उजेड होता. मग त्या उजेडाला रंग आले. वर, छताकडे, पिवळट माती. खाली निळं आभाळ. मध्ये उलटे लोंबणारे दगडी क्रूस. आणि मातीच्या छतावर पाय टेकवून, डोकं आभाळात बुडवून, हिरवं नऊवारी नेसलेली एक हातभर बाई हळूहळू चालत आली. खोलीत एकच हुंदका फुटला.

"आली," आटपाडीचे म्हातारे बाळासो पुढे सरकत म्हणाले. "माझी म्हातारी आली. तेच लुगडं. आंब्याच्या काठाचं."

"बोला तिच्याशी."

"जरा अंगानं भरलीया व्हय दादा?"

"तिकडं काम नाही, आजोबा. बसून खाणं."

म्हातारे हसले आणि हसता हसता रडले. बाई डोळ्यांआड गेली. थोडा वेळ भिंतीवर नुसते क्रूस लोंबत राहिले. मग पिवळा सदरा घातलेला एक माणूस आला. तोंडाच्या जागी बदामी ठिपका. तोही अंगाने भरलेलाच होता.

"मल्हार!" रंगुबाई किंचाळल्या. "माझा मल्हार! त्यो पिवळा सदरा! दिवाळीला घालून गेलावता गं तो! मीच बटण लावलंवतं त्याचं!"

तो सदरा सोनियाने काल जतच्या बाजारातून आणला होता. कुणाच्याही अंगाला न लागलेला. मल्हारने जन्मात कधी पिवळं घातलं नव्हतं. हेच बघायचं म्हणून तिने तो दिला होता. कापड मेल्याचं असो वा नसो, दिलं तेच भिंतीवर येतंय का, एवढीच तिची परीक्षा होती. त्यात आपल्या सासूचं काळीज असं मधोमध येऊन पडेल, हे तिने मोजलं नव्हतं.

"मल्हार, बोल बाबा," ऋषिराजने भिंतीला कान लावला. "हां. हां. म्हणतोय, आये, मी माझ्या मरणानं गेलो न्हाई. बायकोचं चित्त घरात नव्हतं. तिला गाव सोडायचंय. तिच्या मनानं मला खाल्लं."

गेल्या खेपेला रंगुबाईंनी त्याला काय काय सांगितलं असेल, ते सोनियाला आता शब्दागणिक ऐकू येत होतं.

"म्हणतोय, हितंच, घंटेखाली, तिच्या बांगड्या उतरवा. कपाळ पुसा. आन् उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाई. शाळा न्हाई, काही न्हाई. तवा मला शांती मिळंल."

खोलीतलं कुणी मध्ये पडलं नाही. उलट, एका बाईने सोनियाचा दुसरा हात धरला, रंगुबाईंना सोपं जावं म्हणून. रंगुबाईंनी सुनेचं मनगट ओढलं आणि खिडकीच्या दगडी कडेवर आपटलं. दोन बांगड्या फुटल्या. तुकडा मनगटात रुतला. "मला सांगितलं असतंस," रंगुबाई रडत, आपटत म्हणत होत्या, "मला सांगितलं असतंस सटवे, तर मी त्याला जाऊच दिलं नसतं!"

नानासो कोपऱ्यात बसले होते. ते फक्त म्हणाले, "रंगू, रगात येतंय."

"आत्ती, थांबा," सोनिया म्हणाली. "राहिलेल्या बांगड्या मी त्याच्यासमोर जाऊन फोडते. त्याला बघू दे."

तिने हिसडा देऊन हात सोडवला, दार उघडलं, आणि ऋषिराज "दार! दार लावा, एनर्जी जाते!" म्हणून ओरडत असताना ओसरीतून बाहेर पडली. मागे कुणीतरी दार पुन्हा लावलं. चर्चला वळसा घालून बाभळीच्या फांद्या पदराने बाजूला केल्या आणि कबरींत शिरली.

स्वच्छ ऊन होतं. सूर्य मनोऱ्याच्या मागे, पूर्वेला. मनोऱ्याची सावली जिथं संपत होती तिच्या जरासं पुढे, झगझगीत उजेडात, ऋषिराजचा मेहुणा गुंडा पिवळ्या सदऱ्यात उभा राहून विडी ओढत होता. शेजारच्या क्रुसावर हिरवं लुगडं, दोन धोतरं, एक लष्करी शर्ट आणि एका लहान मुलीचा फ्रॉक, असं सगळं वाळत घातल्यासारखं ओळीने लोंबत होतं. फ्रॉक बघून सोनिया थबकली. तो अंगात घालणं गुंडाला शक्य नव्हतं. तो काठीवर अडकवून हलवत असणार.

"ओ बाई!" गुंडा दचकला. "हिकडं यायचं न्हाई! आत्मं फिरत्यात!"

"कुठं हायत?"

गुंडाने इकडेतिकडे बघितलं. "चहा प्यायला गेल्यात."

"सदरा घट्ट होतोय का?"

"काखंत धरतोय जरा," तो बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. सदऱ्याच्या कॉलरला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

सोनिया त्याला बाजूला सारून त्याच्या जागी उभी राहिली. खिडकीकडे तोंड केलं. चार पावलं चालली, परत आली. आतून, दोन हात जाड भिंतीतूनही, किंकाळी ऐकू आली.

"आगं आई! ही बी मेली!" रंगुबाईंचा आवाज. "आत्ता हितं हुती की!"

"तिचंच पातळ हाय ते," कुणीतरी म्हणालं. "डोकं खाली हाय."

सोनियाने दोन्ही हात वर केले.

"हात खाली सोडलं तिनं! मेली! खरंच मेली!"

मग ती भिंतीपाशी गेली. फळीतलं भोक रुपयाच्या नाण्याएवढंही नव्हतं. तिने त्यावर तळहात ठेवला. आत काळोख झाला असणार, कारण सगळे एकदम गप्प झाले. एवढासा परलोक. एका तळहातात मावणारा.

तिने हात काढून भोकाला तोंड लावलं. "आत्ती, मी जिती हाय. हितं उन्हात हाय. बाहेर या आन् बघा. कुणीतरी आतच ऱ्हावा."

माणसं धावत, ठेचाळत वळसा घालून आली. त्यांनी गुंडा बघितला. क्रुसावरची कापडं बघितली. बाळासोंनी हिरव्या लुगड्याला हात लावला आणि तो विस्तवाला लागावा तसा मागे घेतला. रंगुबाई सुनेला नखशिखांत चाचपत होत्या. आत दार लावून एकटे नानासो राहिले होते, आणि वर्षानुवर्षं धड न बोललेला तो माणूस भोकातून ओरडून सांगू लागला, "रंगू, तू दिसतीस! उलटी दिसतीस! पदर सावर! आन् त्यो गुंड्या पळतोय बघा उजवीकडं. न्हाई, डावीकडं. आवं, त्याला धरा!"

गुंडाला धरलं.

सोनियाने सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसंच, आवाज न चढवता. उजेड सरळ रेषेत चालतो. डोक्याकडून निघालेला उजेड त्या बारीक भोकातून जातो तो खालच्या अंगाला, पायाकडून निघालेला वरच्या अंगाला. भोकापाशी दोघांची फुली होते. म्हणून चित्र उलटं. शाळेच्या पुस्तकात याला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक, म्हणजे सुईच्या भोकाचा कॅमेरा, म्हणतात, आणि फोटोग्राफरला ते शिकवावं लागत नाही. सकाळीच का, तर सकाळी ऊन कबरींवर समोरून पडतं. ढगात का नाही, तर उजेड नाही. आत फरशीवर, तुमच्या अंगावर जे गोल कवडसे पडतात, भोक कसलंही असलं तरी गोलच पडतात, ती सूर्याची चित्रं आहेत. सूर्य काही मेलेला नाही.

"थांबा!" ऋषिराज झब्बा सावरत पुढे आला. घाम फुटला होता, पण जीभ चालू होती. "जिवंत माणसाचाही आत्मा दिसतोच! विज्ञान जिथं संपतं ना, तिथून पुढं..."

"बरं," सोनिया म्हणाली. "एवढ्याशा भोकातून इतके आत्मे दिसतात. मग फळीच काढू या. सगळी खिडकी उघडली की सगळेच दिसतील."

ऋषिराजची नजर फळीकडे गेली. फळी काढल्यावर काय होतं, ते त्या गर्दीत फक्त त्या दोघांना आणि शांतवनकाकांना ठाऊक होतं.

काकाच पुढे आले. त्यांच्या हातात पहार होती. ती फळी त्यांच्या वडिलांनी बसवलेली. त्यांनी एका झटक्यात ती उपटली, आणि खिडकी तिच्या पसरट दगडी पोटातून उजेड आत ओतू लागली. लोक पुन्हा आत धावले. भिंतीवर काही नव्हतं. नुसता घोटलेला चुना, स्वच्छ, पांढरा.

"मला ठाऊक हुतं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लहानपणापासनं ठाऊक हुतं. कौलांसाठी गप्प बसलो. माझ्या आजानं ही भिंत घोटली, आन् मी तिला खोटं बोलायला लावलं." मग त्यांनी खिशातून फोन काढला. "जादूटोण्याचा कायदा हाय म्हणं. पोलिसांना बोलावतो. पयलं नाव माझं घेऊ देत."

चारसहा पोरांनी ऋषिराजच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली. सोनियाला वाटलं होतं, आता लोक त्याच्यावर तुटून पडतील. पण बाळासो म्हातारे तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, मी दर आठवड्याला यष्टीनं येत हुतो. माझी म्हातारी मला दिसत हुती. तू आज तिला दुसऱ्यांदा मारलीस. काय मिळालं तुला?"

"ती तिथं नव्हती, आजोबा," सोनिया म्हणाली. तिच्या मनगटावरचं रक्त सुकून काळं झालं होतं. "लुगडं नेसलेला हा माणूस होता, तोंडात विडी घेऊन. तुम्ही ह्याला तुमच्या मनातलं सांगत होता, आणि तो ऐकून घरी जाऊन हसत होता. तुमची म्हातारी तुमच्या आठवणीत आहे. तिथनं तिला कुणी हिरव्या लुगड्यात गुंडाळून नेऊ शकत नाही. दुःख झालंय तर दुःख करा. पण दुःखाच्या डोळ्यांनी बघितलेलं खरं मानण्याआधी एकदा भिंतीमागं जाऊन बघा. एवढंच. कुणीही, कुठंही, काहीही दाखवलं तरी मागं जाऊन बघा. आणि मागं जायचं नाही असं कुणी म्हटलं, तर पहिल्यांदा तिकडंच जा."

म्हाताऱ्यांनी क्रुसावरचं लुगडं उतरवलं, घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. त्यांना ती घडी जमेना. ते तसंच काखेत मारून एसटीच्या दिशेने गेले.

कौलांचा ढीग ओसरीत पडून होता. नानासो खाली बसून त्यातली धड कौलं एका बाजूला लावू लागले, मेंढ्या निवडाव्यात तसे. रंगुबाई खिडकीखाली एकट्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो पिवळा सदरा होता. कॉलरची चिठ्ठी त्यांनी बोटांनी चाचपली. दिवाळीचं बटण लावलेलं त्यांना स्वच्छ आठवत होतं, आणि ते लावलंच नव्हतं. कितीतरी वेळ त्या त्या बटणाकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"सोनिये! म्हंजी त्यो मल्हार न्हवता!"

"न्हवता, आत्ती."

"म्हंजी माझा मल्हार जिता हाय!"

सोनियासाठी सकाळपासून जे सोपं होतं ते संपलं होतं. आता अवघड ते उरलं होतं.

"सांग की! तूच दावलंस न्हवं? जिता हाय!"

"ते या भिंतीला ठाऊक न्हाई, आत्ती. मलाबी ठाऊक न्हाई."

"असं कसं म्हनतीस? भिंतीवर न्हाई म्हंजी जिता हाय. येईल त्यो." रंगुबाईंनी पदराच्या टोकाने सुनेचं मनगट पुसायला घेतलं. मघाशी आपटलेला तोच हात. त्या मायेने पुसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "चुकलं माझं. नव्या बांगड्या भरू या, उद्याच. हिरव्या. त्यो आला की त्याला कळायला नगं. तू हाईस, मी हाय. आपण दोघी वाट बघू त्याची. व्हय न्हवं?"

काकांनी घंटेचा दोर सोडवला होता. वरून एक टोला पडला, मोकळा, दणदणीत, आणि माळावर दूरवर पसरला. सोनियाने तो विरेपर्यंत थांबून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"मी कराडला चालले, आत्ती," ती म्हणाली. "मल्हार मेला का जिता, मला ठाऊक न्हाई. पर मी त्याची वाट बघायची न्हाई. आजपास्नं न्हाई."